पिंपळावरचा ब्रह्मराक्षस

आपल्या भुतांनाही जातपात आणि पायऱ्या आहेत. वेताळ हा राजा. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, हडळ म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई. ब्रह्मराक्षस मात्र वरच्या मानाचा. शिकलेला, पण पापाने अडकलेला.

युरोपातही अशी उतरंड होती. योहान वायर या वैद्याने १५७७ साली पिशाच्चांची यादी छापली. कोण राजा, कोण सरदार, कोणाच्या हाताखाली किती पलटणी, सगळे तीत आहे. तिकडचा मांत्रिक नाव घेऊन त्यांना राबवी. (वायर स्वतः चेटकिणी जाळण्याच्या विरोधात होता, हे विशेष.)

अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापूरची कथा निराळी आहे. गुरुचरित्राच्या तेविसाव्या अध्यायात पिंपळावर ब्रह्मराक्षस राहतो, त्याच्या भीतीने जवळचे घर ओसाड पडले आहे. नृसिंह सरस्वती येताच तो आपणहून खाली उतरतो, पाया पडतो, सुटका मागतो. गुरू मस्तकावर हात ठेवून त्याला भीमा-अमरजा संगमात स्नानाला पाठवतात आणि त्याच ओसाड घरात मठ करतात. ना दरडावणी, ना चाबूक!

त्याच मठात आरतीच्या वेळी आजही बाया घुमतात, खांबावर चढतात. घरची माणसे दरडावतात, "कोण आहेस? नाव सांग!" त्या पोरीला झोप लागते का, सासरी काय चालले आहे, हे विचारणारा विरळा. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे कर्नाटकात जानेवारी २०२० पासून विशेष कायद्याने गुन्हा आहे.