पाखराला जखम झाली, पण केली कुणी?

सकाळी परड्यातले खुराडे उघडावे आणि पाचांतली एक कोंबडी कोपऱ्यात मान घालून बसलेली दिसावी. पायावर रक्त, पाठीवरची पिसे गेलेली. ढाबळीतले कबुतर एक पंख लोंबता टाकून बसलेले असावे, नाहीतर पोरांनी हौसेने आणलेल्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात तळाला रक्ताचे थेंब पडलेले असावेत. रात्री तर सारे ठीक होते! मग घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणते, धाकट्याने दगड मारला. कुणी म्हणते, शेजारच्या आक्कांचे मांजर आले. बघता बघता धाकट्याच्या पाठीत धपाटा बसतो, कुंपणावरून आक्कांना दोन शब्द जातात, आणि त्या गडबडीत पाखरू तसेच राहते.

पाखराला सांगता येत नाही. पण त्याची जखम पुष्कळ काही सांगते. ती नीट पाहिली तर पाखरूही वाचते आणि शेजारपणही टिकते. पुष्कळ घरांत मीठ-मिरचीचा खर्च कोंबडीच्या अंड्यांवर निघतो. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा नाही.

आधी पाखरू, मग चौकशी

जखमी पाखराला लगेच इतरांपासून वेगळे करावे. लाल रक्त दिसले की खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात आणि बोटभर जखमेची वीतभर होते. अंगावर पातळ फडके टाकून पाखरू अलगद उचलावे. छाती आवळू नये. पक्षी छातीचे हाड खालीवर करून श्वास घेतात, म्हणून मूठ घट्ट झाली की पाखरू गुदमरते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे फडके घालून, अंधाऱ्या, उबदार आणि शांत जागी ते ठेवावे. भेदरलेले पाखरू भीतीनेच दगावू शकते, म्हणून पोरांना भोवती गोळा होऊ देऊ नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने चार-पाच मिनिटे हलके दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. नख तुटून रक्त येत असेल तर त्यावर चिमूटभर मैदा किंवा तांदळाचे पीठ दाबले तरी ते थांबते. खोल जखमेत मात्र पीठ भरू नये. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच रक्त असते. तीस-पस्तीस ग्रॅमच्या लव्हबर्डच्या अंगात ते जेमतेम अर्धा चमचा भरेल. आपल्याला किरकोळ वाटणारे थेंब त्याच्या जिवावर बेततात.

जखम धुवायला अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे. तेल, तूप किंवा रॉकेल लावू नये. पिसे चिकटली की अंगातली ऊब जाते. चोच उघडून पाणी ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. पाणी भांड्यात समोर ठेवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन आपल्या देशातली गिधाडे कशी संपत आली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठीच 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

जखम काय सांगते?

पिसे फुंकर घालून बाजूला करावीत आणि कातडी उजेडात पाहावी.

सुईने टोचल्यासारखी बारीक भोके दिसली तर मांजराचा संशय घ्यावा. ही जखम दिसायला लहान, पण सर्वांत वाईट. मांजराच्या दातांतून व लाळेतून जंतू खोल जातात आणि वरून बरे दिसणारे पाखरू एक-दोन दिवसांत मरते. अशा वेळी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पायाची बोटे किंवा पायावरची कातडी कुरतडलेली असेल तर बहुधा उंदीर-घुशीचे काम. कोंबडीला रात्री दिसत नाही, ती जागची हलत नाही. मान किंवा डोके चावलेले असेल तर मुंगसाचा विचार करावा. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली, फड मोकळे झाले की ही मंडळी वस्तीकडे सरकतात. म्हणून तोडीच्या दिवसांत खुराड्यावर जास्त नजर हवी.

पाठीवर, शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वारापाशी जखम असेल तर गुन्हेगार घरातलाच. कोंबड्या एकमेकींना टोचतात. दाटी, भगभगीत उजेड, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी पडणे ही त्याची कारणे.

पंख किंवा शेपटीचे कोवळे, रक्ताने भरलेले पीस मोडले तरी खूप रक्त येते. पिंजऱ्यात घाबरून फडफडलेल्या पाखराचे असे होते. यात कुणाचाच दोष नसतो. लंगडणाऱ्या पाखराच्या पायाला दोरा, केस किंवा पतंगाचा मांजा गुंडाळला आहे का तेही पाहावे. तळपाय सुजून मध्ये काळी खपली असेल तर बसायची काठी किंवा जमीन टणक, खडबडीत आहे असे समजावे.

जखम नव्हे, रोग

कधी कधी ज्याला आपण मार समजतो तो रोग असतो. तुऱ्यावर, पापण्यांवर खपल्या धरल्या तर ती टोचल्याची जखम नसून देवी असू शकते. ती डासांमुळे पसरते. मान वाकडी झाली, पाय लुळे पडले, हिरवट हगवण लागली, तर कुणी मान मुरगळलेली नाही. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. कबुतरांनाही तशाच रोगाने मान वळते. कोंबडीचा एक पाय पुढे व एक मागे पसरला तर ते मरेक रोगाचे लक्षण असू शकते. हे रोग जडल्यावर त्यांवर हमखास औषध नाही, लसच खरी. लासोटा ही लस पिलांना पहिल्या आठवड्यात आणि आर-टू-बी आठ आठवड्यांच्या सुमारास देतात.

एकाच वेळी अनेक पाखरे अचानक मेली तर मेलेले पाखरू उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये, हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2006 साली नवापुरात आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नये. एरवीही पाखरू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

डॉक्टरांकडे केव्हा?

मांजराचा चावा, पंख किंवा पाय मोडणे, न थांबणारे रक्त, तोंड उघडून धापा टाकणे, जखमेत अळ्या पडणे, यांपैकी काहीही असले तर घरगुती उपाय करत बसू नये. पावसाळ्यात, विशेषतः गगनबावडा-राधानगरीकडच्या ओल्या हवेत, माशी बसलेल्या जखमेत अळ्या लवकर पडतात. गावचा किंवा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, नाहीतर 1962 या क्रमांकावर फोन करावा.

आपल्या रानातला पोपट मात्र जखमी सापडला तरी पिंजऱ्यात ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे तो पाळणे गुन्हा आहे. वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवावे.

पाखराची व्यवस्था लागली की खुराड्याकडे वळावे. ठसे, लेंड्या, उकरलेली माती, वाकलेली तार पाहावी. जाळी अर्ध्या इंचाची किंवा त्याहून बारीक असावी, तळ फरशीचा असावा, दाराला कडी हवी आणि सांडलेले दाणे रात्री झाडून घ्यावेत, कारण उंदीर त्यांच्यासाठीच येतो. हे सारे पाहून झाल्यावरही आक्कांशी बोलायचे असेल तर जरूर बोलावे. बहुतेक वेळा तोवर खरे कारण आपल्याच खुराड्याच्या कोपऱ्यातल्या भोकाशी सापडलेले असते.