धंद्यासाठी डेटाबेस: पोस्टग्रेस की मायएसक्यूएल?

डेटाबेस निवडताना बहुतेक जण वेग विचारतात. मी आधी बघतो, चुकीची नोंद आली तर तो अडवतो का? मायएसक्यूएलमध्ये २०१९ च्या ८.०.१६ आवृत्तीआधी 'चेक'ची अट लिहिता यायची, पण पाळली जात नसे! 'साठा शून्याखाली नको' असं बजावूनही उणे साठा खुशाल नोंदला जाई. आता ते सुधारलंय. पोस्टग्रेस याबाबतीत फार आधीपासून कडक. शिवाय टेबलची रचना बदलताना मध्येच काही फसलं, तर तिथे ट्रान्झॅक्शनमधले सगळे बदल रोलबॅक करता येतात. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक कमांड लगेच कायम होते. अर्धवट राहिलेलं आपणच निस्तरायचं.

बाकीच्या पर्यायांपैकी एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट, पण २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा. ओरॅकल ताकदवान आहेच. मात्र बँकेएवढा पसारा आणि पगारी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एसक्यूएलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो, एका काउंटरच्या दुकानाला पुरे.

नव्याने सुरुवात करणार असाल तर माझं मत पोस्टग्रेसला. मायएसक्यूएल नीट चालत असेल तर उगाच हलवू नका. आणि कोणताही वापरा, बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का, ते याच आठवड्यात करून बघा.