बंदूक कोणाच्या मापाची?

खंडेनवमीला एकदा आमच्या सातपूरला यावे. एरवी तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास येणाऱ्या कारखान्यांच्या शेडमधून त्या दिवशी झेंडूचा वास येतो. लेथला हार, ड्रिलला हार, फाटकावरच्या रखवालदाराच्या सायकललाही हार! मी टूलरूममधला माणूस. आयुष्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झगडण्यात गेले. तेव्हा घरी पाटावर पूजेला मांडतो ते शस्त्र म्हणजे माझा जुना मायक्रोमीटर. शेजारी सौभाग्यवतींची विळी आणि मुलांच्या कंपासपेट्या. अशी आमची साधीसुधी शस्त्रपूजा.

तिच्यात एक बंदूक कशी येऊन बसली आणि त्याआधी घरातून दुसरी एक बंदूक कशी बाहेर गेली, त्याची ही हकीकत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न उभा राहणार आहे. माझी फी भरून झाली आहे. तुमची वाचली तर बरेच.

सुरुवात झाली 1 ऑगस्ट 2024 रोजी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने 50 मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत पदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे मध्ये बहात्तर वर्षे गेली! आमची तेरा वर्षांची कन्या दूरदर्शनसंचासमोर मांडी घालून बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "बाबा, मला नेमबाजी शिकायची आहे."

"बंदूक?" स्वयंपाकघरातला झारा थांबला. "मुलीच्या जातीला बंदूक?"

मुलीजवळ उत्तर तयार होते. मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या होत्या. सुमा शिरूर 2004 साली अथेन्सला. आणि कोल्हापूरची तेजस्विनी सावंत तर 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली. तिने ही नावे पाढ्यासारखी म्हणून दाखवली. झारा पुन्हा हलू लागला. आम्ही ती संमती समजलो.

शहरातल्या एका नेमबाजीच्या वर्गात तिचे नाव घातले. वर्गाची रायफल, वर्गाचे छर्रे, आठवड्यातून तीन दिवस. दोन महिन्यांत पोरीच्या दहा नेमांची बेरीज शंभरात ऐंशीच्या पुढे जाऊ लागली. इथवर सारे ठीक होते. मग दिवाळीचा बोनस आला, आणि बापाच्या डोक्यात शिरले की पोरीला स्वतःची बंदूक पाहिजे!

टेक्सासला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो दर रविवारी तिथल्या रेंजवर हौसेने नेमबाजी करतो. "मामा, कार्बाईन घ्या," तो म्हणाला. "पिस्तुलाच्या काडतुसाची. 9 मिलिमीटर." त्याचे म्हणणे असे, की पिस्तुलाचे काडतूस स्वस्त असते आणि त्याचा धक्का सौम्य. तेच काडतूस आखूड रायफलीतून उडवले की दस्ता खांद्याला टेकतो, दोन्ही हातांचा आधार मिळतो आणि नवशिक्याचाही नेम बसतो. दिवसभर खेळा, खांदाही दुखत नाही आणि खिसाही.

सल्ला त्याच्या देशात खरा आहे, आपल्याकडे नाही. 9 मिलिमीटरचा बोअर आपल्या कायद्याने सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे, आणि आपोआप भरणाऱ्या रायफलीही सामान्य परवान्याच्या बाहेरच्या. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या परवान्याला वयाची एकवीस वर्षे पुरी लागतात. म्हणजे भाच्याची कार्बाईन टेक्सासलाच राहिली. आपल्याकडे हौशी माणसाला दार उघडे आहे ते हवेच्या रायफलीचे. 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतला जोर, एवढ्या मर्यादेतल्या बंदुकीला परवाना लागत नाही. दुकानात ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो.

भाच्याच्या बोलण्यात एक शहाणपण होते, ते मात्र माझ्या कानावरून गेले. त्याने जोर वाढवून बंदूक निवडली नव्हती. कमी करून निवडली होती. मी ऐकले ते एवढेच, की बंदूक घ्यायची.

गेलो दुकानात. दुकानदाराने एक काळीभोर स्प्रिंगची बंदूक पुढे केली. नळी मोडून भरायची, वर दुर्बीण. "साहेब, हिच्या जोराला तोड नाही," तो म्हणाला. पत्र्याचा डबा आरपार गेलेला दाखवला. मी लोखंडातला माणूस. आरपार म्हटले की भुलतो. घेतली.

पुढचा महिना आठवला की अजून वाईट वाटते. पोरीला नळी मोडून स्प्रिंग दाबता येईना. दर नेमाला दोन्ही हात आणि एक गुडघा. पंधरा नेमांत दंड भरून येत. दस्ता लांब, त्यामुळे मान पुढे काढून डोळा लावावा लागे. ऐंशीची बेरीज सत्तरवर आली, मग साठावर. एक दिवस येताना ती गाडीवर काही बोलली नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, मला जमत नाही ते. उद्यापासून नको." बंदूक माझी चुकली होती आणि पोर समजत होती की आपण चुकलो. ही खरी किंमत; बोनस तर गेलाच होता.

वर्गातल्या सरांना भेटलो. त्यांनी बंदूक हातात घेतली, खाली ठेवली आणि विचारले, "अहो, मुलीला बूट घेताना पाय कोणाचा मोजता?"

मग त्यांनी जे समजावले ते टूलरूमच्या माणसाला लाजवणारे होते. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की आतला जड दट्ट्या धावतो; बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका खाते, आणि हे सारे छर्रा नळीत असतानाच. अनुभवी हात तो हिसका दर वेळी सारखा झेलतो. शिकणारा हात झेलत नाही. स्पर्धेच्या रायफलीत हवा आधीच नळकांड्यात दाबून भरलेली असते. हिसका जवळजवळ नाहीच. तिचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. मी तिथेच गणित केले: जोर साडेसात ज्यूल. भाच्याच्या 9 मिलिमीटरच्या गोळीचा पाचशेच्या घरात! आणि 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवले, ते याच साडेसात ज्यूलच्या खेळात. कागदाला भोक पाडायला आणखी जोर हवा कशाला?

आता माप. 10 मीटरवरच्या लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मग पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर. पुढची आणि मागची साइट यांत 750 मिलिमीटर अंतर धरा. साइट जुळवताना एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर लक्ष्यावर छर्रा 1.3 मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्धे वर्तुळ. आखूड बंदुकीत हेच अंतर 400 मिलिमीटर असले, तर तेवढ्याच चुकीला अडीच मिलिमीटर, म्हणजे एक गुण गेलाच. आखूड बंदूक हातात सुटसुटीत वाटते खरी. पण साध्या साइटवर ती प्रत्येक चूक वाढवून सांगते.

तेव्हा पालकहो, निवड करताना मी आता काय पाहतो ते सांगतो.

पहिली गोष्ट डोळा. मुलाला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहानसे भोक करायला सांगा आणि त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचे घड्याळ बघू द्या. मग एकेक डोळा मिटू द्या. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहते तो मुख्य डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा मुख्य डोळा डावाही असतो. आधी हे कळले नाही तर पुढचा खर्च पाण्यात.

दुसरी गोष्ट दस्ता. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवले, की तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज आले पाहिजे. ताणावे लागले तर दस्ता लांब. वाढत्या मुलाला दस्ता कमीजास्त करता येणारी रायफल घ्यावी. शाळेचा गणवेश शिवताना आपण शिलाई ठेवतो ना, तसे.

तिसरी गोष्ट वजन. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत रायफल चालते. पण चालते म्हणून घ्यायची नसते. मुलाला ती खांद्याला लावून उभे करा, डावे कोपर कमरेला टेकू द्या आणि मिनिटभर थांबा. कंबर मागे वाकू लागली किंवा हात थरथरू लागला, तर ती रायफल दुसऱ्या कोणाची तरी आहे.

चौथी, जुनी घेताना हवेच्या नळकांड्यावरची तारीख. स्पर्धेत ही नळकांडी जास्तीत जास्त दहा वर्षे चालतात. मग तपासनीस बाहेर ठेवतो. नव्या परदेशी रायफलींच्या किमती लाखांत आहेत, म्हणून मध्यमवर्गीय घरात जुनीच येते. रंग पाहून भुलू नये, तारीख वाचावी.

आणि पाचवी, जी पहिली असायला हवी होती: घाई करू नये. सहा महिने वर्गाचीच रायफल वापरावी. त्या काळात खर्च करायचाच तर नीट बसणाऱ्या जाकिटावर आणि छर्‍यांवर करावा. घरी भिंतीवर काळा ठिपका काढून रिकाम्या हाताने उभे राहण्याचा आणि श्वास सांभाळण्याचा सराव तर फुकट आहे. आमच्या नाशिकला भीष्मराज बाम राहत असत. पोलीस अधिकारी, स्वतः नेमबाज आणि मोठमोठ्या खेळाडूंचे मार्गदर्शक. 2017 साली ते गेले. पतंजलीचा योग त्यांनी खेळाच्या मैदानावर आणला. नेम हातात बसतो त्याआधी मनात बसावा लागतो, हे आमच्या गावाला त्यांच्यामुळे ठाऊक आहे. आणि हा खेळ केवळ शिकाऱ्यांचा, असे समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती दादासाहेब मावळणकरांनी, लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांनी!

शिकारीवरून आठवले. ती काळी बंदूक घरी होती तेव्हा कॉलनीतली मुले विचारत, "काका, कबुतर मारू या?" परवाना लागत नाही म्हणजे खेळणे झाले असे नाही. या छर्‍याने डोळा जातो. पाखरांवर रोखायचीच नाही, कायद्यानेही आणि माणुसकीनेही. घरात बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. हातात घेतली की आधी उघडून रिकामी आहे हे पाहायचे. नळी माणसाकडे वळता कामा नये, बोट नेम धरेपर्यंत चापाबाहेर. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याखेरीज खाऊला हात लावायचा नाही.

काळी बंदूक मी निम्म्या किमतीत परत केली. पोरगी पुन्हा वर्गाच्या रायफलीवर गेली. समजूत घालायला आठ दिवस लागले. बेरीज साठावरून ऐंशीवर यायला तीन महिने आणि नव्वदला टेकायला आणखी चार. तेव्हा कुठे सरांनीच वर्गातल्या एका मोठ्या झालेल्या मुलाची जुनी रायफल सुचवली. मी व्हर्नियर घेऊन गेलो होतो; सर हसले. दस्ता तिच्या कोपराला लावला, तारीख वाचली, मिनिटभर उभी केली. कंबर वाकली नाही.

2025 च्या खंडेनवमीला तिने विचारले, "बाबा, माझी रायफल ठेवू पाटावर? मायक्रोमीटरशेजारी?"

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. हातात कुंकवाचा करंडा होता. त्या म्हणाल्या, "आधी रिकामी आहे ते दाखव."

पोरीने बोल्ट उघडला, नळीतून घातलेली नारिंगी दोरी आईला दोन्ही टोकांना दाखवली आणि नळी भिंतीकडे करून रायफल पाटावर ठेवली. आईने वाकून स्वतः नळीत डोकावून पाहिले, आणि मग दस्त्याला कुंकू लावले.