लाकूड कशाने धरले: घरच्या सुतारशाळेचा मागोवा

सुतारकामाच्या जागेची मांडणी एका साध्या प्रश्नाने ठरते: काम चालू असताना लाकूड कशाने धरायचे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलली आणि जागेचा आकारही त्यांच्याबरोबर बदलत गेला.

गावातल्या सुतारमेटात उत्तर होते पाय. सुतार जमिनीवर बसे, पुढ्यात जाड ठोकळा ठेवी आणि पायाच्या पंजाखाली लाकूड दाबून वाकस किंवा पटाशी चालवी. रंधा, करवत, गिरमिट, गुण्या सारे हात पोहोचेल एवढ्या अंतरात असे. मोठा रंधा ओढायला समोर दुसरा माणूस लागे, एवढीच काय ती वाढीव जागा. त्यामुळे छपराखालच्या मांडणीला फारसे डोके लागत नसे. अडचण बाहेरची होती. बैलगाडीचे चाक फिरवायला मोकळे अंगण हवे, लोखंडी धाव तापवून चढवायची तर लोहार आणि पाणी दोन्ही जवळ हवे, आणि बाभळीचे ओंडके मुरवायला डोह किंवा डबके हवे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची व्यवस्था सविस्तर आली आहे. त्या व्यवस्थेतल्या सुताराचे घर आणि कारखाना वेगळे काढता येत नाहीत.

उभ्याने काम करण्याची सवय शाळेतून आली. बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले, मुंबईत जे. जे. कलाशाळेला पुढच्याच वर्षी रे कार्यशाळांची जोड मिळाली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाला जागा दिली आणि १९५० पासून सरकारी कारागीर प्रशिक्षण योजनेने, म्हणजे पुढे ‘आयटीआय’ म्हणून घरोघरी माहीत झालेल्या शिक्षणाने, उभ्याने काम करण्याची ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. लाकूड धरण्याचे काम आता बाकाला जोडलेला शिकंजा करू लागला.

बाक आला तसा खोलीला पुढा-मागा आला. बाकाची उंची ठरवायला फूटपट्टीपेक्षा शरीर बरे: उभे राहून हात सैल सोडले की मनगट जिथे येते तिथे बाकाचा माथा, म्हणजे साधारण ३० ते ३४ इंच. हातरंध्याला थोडा बुटका बाक सोयीचा, बारीक आखणी-कोरणीला उंच. बाक खिडकीशी लावतात आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून घेतात, नाहीतर आखलेल्या रेघेवर स्वतःच्याच हाताची सावली पडते. हत्यारे जमिनीवरून भिंतीवर गेली. ही मांडणी दहा बाय दहाच्या खोलीत सुखाने बसते. हातकामापुरती अजूनही तिच्याहून चांगली मांडणी नाही.

गणित बिघडवले ते प्लायवूडने. आठ बाय चार फुटांचा अखंड तक्ता टेबल-करवतीतून लांबीने चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. माणूस उभा राहायचा तो वेगळाच. यंत्र दोन-तीन फुटांचे, पण त्याने अडवलेली रेषा अठरा-एकोणीस फुटांची. म्हणून जाणता माणूस पाते दाराच्या रेषेत ठेवतो, म्हणजे तक्त्याचे टोक खुशाल ओसरीत जाते. यंत्रामागचे टेबल करवतीच्याच उंचीचे केले की जोडणीलाही तेच चालते. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांनी १९४७ मध्ये ‘शॉपस्मिथ’ आणले: करवत, लेथ, ड्रिल, घासणीची तबकडी आणि आडवे भोक पाडणे एकाच सांगाड्यावर. आपल्याकडच्या रंधा-मशीनला बाजूने जोडलेली गोल करवत हा त्याच काटकसरीचा देशी अवतार. जागा वाचते खरी, पण प्रत्येक कामाला जोडणी बदलण्यात वेळ जातो. दोन हॉर्सपॉवरची मोटर घरगुती सिंगल फेजवर चालते. मात्र सुरू होताना ती कितीतरी पट वीज ओढते, तेव्हा तिला १६ अँपिअरची स्वतंत्र वायर द्यावी लागते.

भुश्शाकडे फार उशिरा लक्ष गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत घातली. तेव्हापासून धूळ ओढणारे यंत्र कुठे बसवायचे हे आराखड्यात आधी ठरू लागले.

शहरी वस्तीत प्रश्न आणखी आवळतो. उदाहरणार्थ मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ घ्या. तिथले महाराणा प्रताप नगर दोन झोनांची व्यापारी वस्ती आहे, खाली दुकाने, वर कार्यालये आणि शिकवणी वर्ग. बोरीच्या १८६५ पासून राखीव असलेल्या सागवानी जंगलाचा मुलूख फार दूर नाही, पण अशा इमारतीत आठ फुटी तक्ता जिन्याच्या वळणावरच अडतो. तेव्हा पहिले माप खोलीचे नव्हे, जिन्याचे घ्यावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि पावसाळ्यात अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अशा हवेत लाकूड आक्रसते आणि फुगते. म्हणून साठा बाहेरच्या भिंतीला न टेकवता आडवा, पट्ट्यांवर ठेवतात. ठोकाठोकीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, त्यामुळे बाकाचे पाय खोलीच्या मध्याऐवजी खांब-तुळईजवळ आणि रबरावर असलेले बरे.

जागेच्या या अडचणीवर तोडगा निघाला तो जर्मनीत. फेस्टो कंपनीने १९६२ मध्ये पट्टीवर धावणारी हातकरवत आणली. लाकूड यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच लाकडावर जाऊ लागले. जमिनीवर थर्मोकोलचा जाड तक्ता, त्यावर प्लाय, त्यावर पट्टी, आणि गुडघ्यावर बसलेला माणूस. अठरा फुटांची रेषा गेली, तक्त्याभोवती दोन-दोन फूट चालायची जागा राहिली, आणि काम संपले की सारा सरंजाम बाकाखाली सरकवता येतो.