आग्वादचा वाळूचा दांडा: मांडवीचे मुख अडते तेव्हा

जलमार्गाची खरी क्षमता त्याच्या लांबीवर किंवा सरासरी खोलीवर ठरत नसून त्यातील सर्वांत उथळ आणि सर्वांत अरुंद जागेवर ठरते, कारण त्या एका जागी वाट अडली की मागचे सारे खोल पाणी वाहतुकीच्या दृष्टीने निरुपयोगी होते. गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाशी हा अनुभव दर पावसाळ्यात येतो.

पणजीच्या पुढे, आग्वादच्या किल्ल्याजवळ मांडवी समुद्राला मिळते आणि तिथे प्रवाहाचा वेग मंदावल्यामुळे व लाटांनी वाळू लोटल्यामुळे पाण्याखाली वाळूचा आडवा उंचवटा, म्हणजेच दांडा, तयार होतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उसळलेली लाट उथळ पाण्यात शिरताच तिची गती कमी होते, उंची वाढते आणि ती फुटते. अशा दोन लाटांमधील खळग्यात नौका खाली आली की तिचा तळ वाळूवर आपटण्याचा धोका असतो. म्हणून नकाशावर पुरेशी दिसणारी खोली जून ते ऑगस्टच्या खवळलेल्या दर्यात पुरत नाही आणि मांडवीचे मुख मोठ्या नौकांना बंद होते.

लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेस, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौका, एरवी पणजीवरून समुद्रात उतरून काबोच्या भूशिराला वळसा घालत मुरगाव बंदर गाठत. पावसाळ्यात मात्र त्यांना मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा धरावा लागे, कारण जुवारीचे मुख अधिक खोल असून मुरगावला लाटा अडवणाऱ्या भिंतीचा आडोसा आहे. सुमारे 17 किलोमीटरच्या या वाटेवर वळणे, गाळ आणि बाणस्तारीसारख्या पुलांच्या कमानी असल्याने, शिवाय दोन्ही टोकांनी भरतीचे पाणी शिरत असल्याने, भरलेल्या नौकेला उथळ जागी भरतीची वेळ साधावी लागते. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवल्यानंतर या वाहतुकीला ओहोटी लागली, तरी पर्यायी वाटेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

प्रवासी नौकांवर हा अडथळा सारखा परिणाम करत नाही. रायबंदर–चोडण फेरीबोट मुखाच्या आतच फिरत असल्याने तिला दांडा ओलांडावा लागत नाही, तर बाहेरून येणाऱ्या नौकेला तो टाळता येत नाही. जुलै 2017 मध्ये मांडवीत आणली जाणारी ‘लकी सेव्हन’ ही कॅसिनो नौका ऐन पावसाळ्यात मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली, तेव्हा हा धोका सर्वांना दिसला.

जागतिक पातळीवर हेच तत्त्व 23 मार्च 2021 रोजी सुएझ कालव्यात दिसले. 400 मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज आडवे अडकले आणि सहा दिवस शेकडो जहाजे खोळंबली. दुसरी वाट आफ्रिकेला वळसा घालणारी होती. अखेर वाळूचा उपसा, ओढनौकांचा जोर आणि पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी यांच्या मेळाने ते 29 मार्चला सुटले.

या निकषावर कलबुर्गीच्या वाचकांनी भीमा नदीकडेही पाहावे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने 111 जलमार्ग घोषित केले असून त्यांत कर्नाटक आणि तेलंगणातील भीमेचा 139 किलोमीटरचा पट्टा 21 व्या क्रमांकावर आहे. मांडवीला भरती-ओहोटीचा आधार आहे; भीमेचे पाणी मात्र पावसावर आणि वरच्या अंगाला उजनी धरणातून सुटणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते. शिवाय अफझलपूर तालुक्यातील सोन्न येथे आहे तसा बंधारा नदीवर आडवा असेल, तर तिथे नौका चढवण्या-उतरवण्यासाठी दोन दारांमधील पाण्याची पातळी बदलणारा हौद लागतो. म्हणून अशा मार्गाचा विचार करताना किलोमीटर मोजण्याआधी उन्हाळ्यातील सर्वांत उथळ जागा आणि प्रत्येक बंधारा ओलांडण्याची सोय तपासणे आवश्यक ठरते, कारण भीमेला कुंभारजुव्यासारखी दुसरी वाट नाही.