मे महिन्यातला घाम आणि मलिक काफूर

जो बायडेन यांच्या प्रोस्टेट कॅन्सरची बातमी मे २०२५ मध्ये आली तेव्हा ग्लीसन स्कोअर नऊ, हाडांपर्यंत प्रसार वगैरे सगळं चॅनेलवाल्यांनी तोंडपाठ करून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या प्रवक्त्यानं रेडिएशन आणि हार्मोन थेरपी सुरू असल्याचं जाहीर केलं, ती बातमी मात्र चार ओळींत आटोपली. त्या चार ओळींत जे आलं नाही त्याबद्दल इथे लिहायचं आहे. हाच आजार घेऊन आपला माणूस आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्यात असतो, जैनथला असतो, पैनगंगेपलीकडे पाटणबोरीला असतो. माजी राष्ट्राध्यक्षाची बडदास्त त्याच्या वाट्याला येत नाही, पण उपचाराचं मूळ तत्त्व तेच असतं. त्या उपचारानं आपल्या अंगाचं काय होणार, हे त्याला बहुतेक वेळा सुई टोचून झाल्यावर कळतं.

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा मुख्य उपाय होता दोन्ही वृषणं काढून टाकण्याचा. पुढे मेंदूतून वृषणांना जाणारा हुकूमच तोडणारी इंजेक्शनं आली. महिन्याला एक, नाहीतर तीन महिन्यांना एक. कापा किंवा टोचा, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. ऑपरेशननं एका दिवसात, इंजेक्शननं तीन-चार आठवड्यांत. नेहमीच्या इंजेक्शनांत सुरुवातीचा आठवडाभर तर ते उलट वाढतं. म्हणून आधी काही दिवस गोळ्या देतात. कण्यात गाठ असेल तर त्या गोळ्या चुकवून चालत नाही.

आदिलाबादेत हा निर्णय वैद्यकीय असतो तितकाच एसटीचा आणि रेल्वेचा असतो. इथल्या रिम्स हॉस्पिटलात निदानाची वाट सुरू होते, पण कॅन्सरच्या मोठ्या उपचाराला लोक एकतर हैदराबादला एम.एन.जे. किंवा निम्सला जातात, नाहीतर नागपूरला तुकडोजी हॉस्पिटलात. एक तीनशे किलोमीटर, दुसरं दोनशे. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून दहा लाख झाली हे खरं, पण सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, हॉस्पिटलबाहेरची खोली आणि ऐन वेचणीतले दोन दिवस कुठल्याच कार्डावर बसत नाहीत. मराठी बोलणाऱ्या घराला नागपूर भाषेनं जवळ, पण कार्ड हैदराबादेकडे ओढतं. दर तीन महिन्यांनी हे करायचं म्हटलं की डॉक्टर आणि मुलगा दोघंही ऑपरेशनकडे झुकतात. एकदाच होतं, स्वस्त पडतं, आणि कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात ते इंजेक्शनपेक्षा कमी नाही. यात गैर काही नाही. गैर एवढंच, की ज्याचं शरीर आहे तो बऱ्याचदा बाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

पुढे काय होतं ते आता सरळच सांगतो. दहातल्या सात-आठ जणांना अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं. छातीतून सुरू होऊन मान, चेहरा, कपाळ भडकतं, घामाच्या धारा लागतात, पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजते. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र टेस्टोस्टेरॉन गेल्यावर फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम काढायचा हुकूम देतं. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या आदिलाबादी मे महिन्यात याचं काय होत असेल याची कल्पना करा. हिवाळ्यात तर अजून चमत्कारिक. अख्खं गाव शेकोटीला बसलेलं आणि हा माणूस पहाटे चारला घोंगडी फेकून अंगणात उभा. घरच्यांना वाटतं, ताप आला. पॅरासिटामॉल दिली जाते. तिचा काडीचा उपयोग नसतो.

गंमत अशी, की या विषयातली जाणकार त्याच घरात असते. बायकोनं पंचेचाळीस-पन्नाशीत हेच सगळं भोगलेलं असतं. रात्रीचा घाम, उगाच येणारं रडू, सांध्यांची कुरकुर, कशातच मन न लागणं. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. पाळी जाताना असंच व्हायचं म्हणून तिनं ते चुलीपुढे उभं राहूनच काढलं. आता नवऱ्याला तेच होतंय आणि तो तिलाच सांगत नाही, कारण आपल्याला बाईसारखं काहीतरी होतंय हेच त्याच्या जिवाला लागलेलं असतं. सांगितलं तर ती पहिल्या दिवशीच सांगेल की चहा कोमट पी, रात्री तिखट कमी खा, सुती कपडे घाल, उशाशी ओला पंचा ठेव. ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा पुरुषांसाठी श्वासाच्या आणि विचारांच्या सवयी बदलण्याचा छोटा कार्यक्रम करून पाहिला, त्यानं त्रास कमी झाला. तो मुळात पाळी गेलेल्या बायकांसाठी बेतलेला होता! एवढ्यावर भागलं नाही तर गोळ्या आहेत. पण त्या डॉक्टरला विचारून घ्याव्यात, शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारून नव्हे.

इतर बदल सावकाश येतात. दाढी रोज करावी लागत नाही. अंगावरचे केस विरळ होतात (डोक्यावरचे परत येत नाहीत, ती आशा नको). पोट सुटतं, दंड आणि मांड्या उतरतात. अमेरिकेत २००२ मध्ये झालेल्या एका पाहणीत ४८ आठवड्यांत अंगातली चरबी ९.४ टक्क्यांनी वाढली आणि स्नायूंचा भाग २.७ टक्क्यांनी घटला. साखर चढू शकते, हृदयाचा धोका वाढू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१० मध्ये या इंजेक्शनांवर तशी सूचना छापायला लावली. वृषणं आक्रसतात, लिंग थोडं आखूड होतं, इच्छाच मावळते. काहींची छाती वाढते आणि दुखते. नुसत्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्यांवर असलेल्यांना हे जास्त. उन्हाळ्यात उघड्या अंगानं खाटेवर झोपणारा, नदीवर चारचौघांत आंघोळ करणारा माणूस एकाएकी बंडी काढेनासा होतो. नातवंडं विचारतात, हा उत्तर देत नाही. छाती वाढण्याआधीच एखाद-दुसऱ्या रेडिएशननं किंवा टॅमॉक्सिफेननं हे बरंच टाळता येतं. एकदा गाठ घट्ट झाली की मग फक्त शस्त्रक्रिया. आधी विचारायला हवं ते यासाठी.

इथे मला एका माणसाबद्दल जरा ऐसपैस सांगायचं आहे. रिचर्ड वॉसरसग हे कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. हयात बेडकांच्या पिल्लांवर काढलेली. कुठली पिल्लं चवीला किती वाईट लागतात हे चाखून नोंदवल्याबद्दल २००० साली त्यांना विनोदी इग नोबेल मिळालं. प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, हार्मोन थेरपी लागली, तेव्हा या गृहस्थांनी लाजण्याऐवजी स्वतःकडे प्रयोगशाळेतल्या नजरेनं पाहिलं. त्यांचा आग्रह असा, की ही रासायनिक खच्चीच आहे, तेव्हा तिला तिच्या नावानं हाक मारा आणि खच्ची झालेल्या माणसांचा इतिहास वाचा. तो वाचला तर तिथे नुसती दया करण्याजोगी माणसं भेटत नाहीत. बायझंटाईन सेनापती नार्सेस सत्तरी ओलांडल्यावर इटलीत लढाया जिंकत होता. चीनच्या झेंग हे यानं सात सागरी मोहिमा काढल्या. पुढे वॉसरसग यांनी लॉरेन वॉकर आणि जॉन रॉबिन्सन यांच्याबरोबर रुग्ण आणि त्यांच्या जोडीदारांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, ते २०१४ मध्ये आलं. पुस्तक जोडप्यासाठी आहे, एकट्या रुग्णासाठी नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

आपल्याला नार्सेस शोधायला इटलीत जायची गरज नाही. अल्लाउद्दीन खिलजीचा ख्वाजासरा, म्हणजे खच्ची केलेला, सेनापती मलिक काफूर १३०९ च्या अखेरीस दिल्लीहून वारंगळवर निघाला, तो देवगिरीवरून आला. रामदेवराय यादवानं त्याला रसद पुरवली. वाटेत काकतीयांचा जो किल्ला त्यानं घेतला, तो इतिहासकारांच्या मते सिरपूरचा, म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातला. जानेवारी १३१० मध्ये तो वारंगळच्या तटाखाली होता. अमीर खुसरोनं ही सगळी हकीकत लिहून ठेवली आहे. गावं लुटणाऱ्या माणसाचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण टेस्टोस्टेरॉन गेलं की माणूस संपला, हे म्हणणाऱ्यांनी सिरपूरकरांच्या पूर्वजांना विचारायला हवं होतं.

अर्थात हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. इतिहासातले बरेचसे ख्वाजासरे लहानपणीच खच्ची केलेले, विकले गेलेले गुलाम होते. साठ वर्षं पुरुष म्हणून जगून मग हे गमावणं निराळं. काफूरचाही शेवट १३१६ मध्ये खुनात झाला. आणि खाटेवर पडलेल्या आजोबांना खिलजीची मोहीम सांगून धीर येईल, असं प्राध्यापकालाच वाटू शकतं. शेतकऱ्याला त्यापेक्षा गोठा जवळचा. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळी भरवून ज्याच्या पाया पडतात तो बैल खच्ची केलेलाच असतो, आणि घराची शेती त्याच्याच खांद्यावर असते. ही तुलना माणसाला लागू करणं क्रूर वाटेल. पण आपण केली नाही तरी ती त्याच्या डोक्यात येतेच, आणि बहुधा चुकीच्या बाजूनं येते. तिची दुसरी बाजू कुणीतरी बोलून दाखवायला हरकत नाही.

या उपचारानं ठिसूळ होणाऱ्या हाडांचं मात्र तुलनांनी भागत नाही. पन्नास हजारांहून अधिक अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांना फ्रॅक्चर झालं होतं. न घेतलेल्यांत तो आकडा १२.६ टक्के. म्हणजे कॅन्सर शांत, आणि माणूस धुऱ्यावरून पाय घसरल्याचं निमित्त होऊन खुबा मोडून पडलेला. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल त्याला झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब, हे ठरलेलं आहे. आपल्या भागापुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती खर्ऱ्याची. झोलेड्रोनिकनंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरता कुजण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षं खर्रा चघळून हललेले दात घेऊन माणूस इंजेक्शनला बसतो, आणि सहा महिन्यांनी दाढ ठणकते. म्हणून दाताचा डॉक्टर आधी, हाडाचं इंजेक्शन नंतर. खर्रा सोडा हेही सांगतो, पण या वयात कोण किती ऐकेल याबद्दल माझा फारसा भ्रम नाही.

या सगळ्यावर औषधाच्या दुकानात न मिळणारा उपाय आहे, तो म्हणजे ताकदीचा व्यायाम. कॅनडात २००३ मध्ये १५५ रुग्णांवर बारा आठवडे वजनं उचलण्याचा प्रयोग झाला, थकवा कमी झाला आणि ताकद वाढली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी पुढे तेच पुन्हा पुन्हा दाखवलं. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर येतं: आमचा माणूस जन्मभर शेतात राबला, त्याला व्यायाम कशाला? जन्मभर राबला खरा, पण निदान झाल्यापासून घरच्यांनी त्याला पाण्याची बादलीही उचलू दिलेली नसते. माणूस पारावर बसून राहतो आणि मांडीचा स्नायू आठवड्यागणिक उतरतो. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं, भिंतीला हात लावून ढकलणं, दोन बाटल्यांत पाणी भरून उचलणं, आठवड्यातून तीनदा. इतकं जैनथलाही होतं. कण्यात किंवा खुब्यात गाठ असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारूनच.

नव्या वाटाही निघताहेत. ब्रिटनच्या पॅच ट्रायलमध्ये इंजेक्शनऐवजी कातडीवर इस्ट्रोजेनच्या पट्ट्या लावल्या. २०२४ मध्ये आलेल्या निकालांत कॅन्सरवरचा परिणाम इंजेक्शनच्या तोडीचा निघाला, अंग भडकण्याचा त्रास ८९ टक्क्यांवरून ४४ वर आला, पण छाती वाढण्याचं प्रमाण ४२ वरून ८५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे घाम हवा की छाती, ज्यानं त्यानं ठरवावं. वॉसरसग यांनी स्वतःसाठी इस्ट्रोजेनच निवडलं. बेल्याच्या शेतकऱ्याचं उत्तर बहुधा वेगळं येईल. पण त्याला विचारतंय कोण?

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तर अगदी साधा आहे: किती दिवस? रेडिएशनच्या जोडीला दिलेली इंजेक्शनं काहींना सहा महिने, काहींना दोन-तीन वर्षं असतात आणि थांबवल्यावर बऱ्याच जणांचं टेस्टोस्टेरॉन महिन्या-वर्षांत हळूहळू परततं. वय जितकं जास्त, तितकं कमी परततं. ज्याचा आजार पसरलाय त्याला बहुधा कायम. आणि ज्यानं ऑपरेशन केलं त्याला परतीची वाट नाही. एवढा फरक असताना निर्णय दाराबाहेर, मुलगा आणि डॉक्टर यांच्यात, तेलुगू-हिंदीत होतो आणि आत येऊन मराठीत इतकंच सांगितलं जातं की बाबा, छोटं ऑपरेशन आहे. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा बाबांचाच लागतो. तेव्हा तो कागद त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, आईला शेजारी बसवून, आणि घाई असली तरी दोघांना एक रात्र द्यावी. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीही असते.