वाहतुकीचा खर्च कोणाच्या खांद्यावर?

१९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर पुढच्या वाटेसाठी बैलगाडी हवी होती. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा : मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी स्वतःच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात लिहून ठेवला आहे.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेची कहाणी म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो अर्थशास्त्राचाही धडा आहे. गाडीवानाला विटाळाची भीती वाटत होती. ती भीती समाजाने निर्माण केलेली होती. तिची किंमत मात्र चार पोरांच्या खिशातून वसूल झाली. खर्च समाजाचा आणि पावती भीमरावाच्या नावे! वाहतुकीच्या खर्चाचा विचार करायचा तर सुरुवात येथून केली पाहिजे.

अर्थशास्त्राची पुस्तके वाहतुकीच्या खर्चाचे दोन भाग करतात. प्रवासी जे स्वतः मोजतो तो खाजगी खर्च. म्हणजे तिकीट, पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, गेलेला वेळ. या खाजगी खर्चात प्रवाशाने न मोजलेले पण इतरांना भोगावे लागणारे नुकसान मिळवले की होतो सामाजिक खर्च. धूर, अपघात, गोंगाट, खोळंबा यांचा हिशेब येथे येतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली याचे एक सोपे उदाहरण दिले होते. आगगाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडतात आणि रुळांलगतचे रान जळते. नफा रेल्वे कंपनीचा, रान दुसऱ्याचे. पुढे कॅप या विचारवंताने १९५० साली याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. खाजगी धंदा आपले खर्च इतरांच्या अंगावर ढकलूनच स्वस्त दिसतो, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

हे सिद्धान्त मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून येणाऱ्या मुलांना शिकवतो. शिकवताना एक अडचण येते. पुस्तकातला नियम येथे उलटा झालेला दिसतो. पुस्तकात मोटारवाला आपला खर्च समाजावर ढकलतो. येथे समाजाने, म्हणजे शासनाने, करायचा खर्च न करता तो पायी चालणाऱ्या माणसावर ढकलला आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या उतारावर आहेत. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा जमातींची ही वस्ती. दोन्हींपैकी एकाही तालुक्यातून रेल्वे जात नाही. जिल्ह्याचे ठिकाण पूर्वी ठाणे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा जिल्ह्याची कचेरी जवळ आली, पण पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचे अंतर तेवढेच राहिले. दूरच्या प्रवासाला निदान गाडी तरी मिळते. पहिले दोन-तीन किलोमीटर मात्र अंगावर काढावे लागतात, आणि खरी किंमत तेथेच मोजली जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत सात महिन्यांच्या गरोदर स्त्रीला अकाली प्रसूती होऊन जुळी मुले झाली. ती दोन्ही दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला काठीला बांधलेल्या चादरीच्या झोळीत घालून घरच्यांनी सुमारे तीन किलोमीटर घसरड्या वाटेने नेले, तेव्हा कुठे ती रुग्णालयात पोचली. या प्रवासाचे तिकीट कोणी फाडले नाही. कोणत्याही खात्याच्या ताळेबंदात हा प्रवास खर्च म्हणून पडला नाही. रस्ता न बांधल्यामुळे वाचलेला पैसा मात्र कुठेतरी शिल्लक म्हणून दिसतच असणार. जून २०२५ मध्ये मोखाड्यातल्याच एका मजुराने नाशिकहून आपल्या मृत अर्भकाला पिशवीत घालून एसटीने गावी आणले. रुग्णवाहिका मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या एसटीत तिकीट एकाचेच निघाले असेल. पण त्या बापाच्या मांडीवर जे ओझे होते, ते कोणत्या दराने मोजायचे?

वाचक म्हणतील, ही टोकाची उदाहरणे झाली. तर मग रोजचा साधा हिशेब पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. बाईला तपासणीसाठी तालुक्याला नेताना सोबत नवरा गेला, तर दोघांचा मिळून ६२४ रुपयांचा रोज बुडाला. यात भाडे धरलेले नाही आणि घरी राहिलेल्या पोरांची उपासमार धरलेली नाही. रुग्ण प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून जव्हारला आणि तेथून नाशिकला पाठवला गेला, की हा आकडा दिवसागणिक वाढत जातो. उपचार मोफत असतो. उपचारापर्यंत पोचणे मोफत नसते. ‘आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, भगताकडे जातात’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब मांडावा. भगत पाड्यात राहतो. दवाखाना घाटापलीकडे असतो.

आता रस्ता का होत नाही ते पाहू. रस्त्याची निकड ठरवताना वाहने मोजली जातात. जेथे रस्ता नाही तेथे वाहन नाही, आणि वाहन नाही म्हणून रस्ता नाही. दुसरी चाळणी लोकसंख्येची. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डोंगरी आणि आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची अट होती. सपाटीवरच्या ५०० च्या अटीपेक्षा ती उदारच म्हणावी लागेल. पण आमचे पाडे वीस-पंचवीस घरांचे. डोंगराच्या एका सोंडेवर एक, दुसऱ्या सोंडेवर दुसरा. मुख्य गावाला सडक लागली की कागदावर गाव जोडले गेले. पाडा ओढ्यापलीकडे तसाच राहतो. एसटीची जुनी घोषणा ‘रस्ता तेथे एसटी’ अशी होती. तिचा दुसरा अर्थ आम्हाला अनुभवाने कळला : रस्ता नाही तेथे एसटी नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. प्रकल्पाचा लाभ मोजताना अर्थशास्त्रज्ञ वाचलेल्या वेळेची किंमत धरतात, आणि ती बहुधा माणसाच्या कमाईवरून ठरवतात. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. तेथे मोटारीतल्या साहेबाची वाचलेली दहा मिनिटे महाग. पाण्यासाठी दोन तास चालणाऱ्या कातकरी बाईचे दोन तास स्वस्त. ती मजुरीवर नसेल तर तिच्या तासांना किंमतच नाही. जात आणि वर्ग अशा रीतीने गणितात शिरतात. तेथे कोणी शिवी देत नाही, कोणी विटाळ म्हणत नाही. फक्त आकडा कमी लावला जातो.

पाण्याचा विषय निघालाच आहे. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर मध्य वैतरणा हे धरण २०१४ साली उभे राहिले. त्याचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे पाण्याच्या वाहतुकीची सोय आहे. त्यासाठी धरण आहे, जलवाहिन्या आहेत, अभियंते आहेत. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाई डोक्यावर हंडे घेऊन वाट तुडवते आणि टँकरची वाट पाहते. डोक्यावरून नेलेला हंडा हीदेखील मालवाहतूकच आहे. पण तिचा खर्च बाईच्या मानेत आणि कंबरेत जमा होतो.

हे आजचे नाही. गावगाड्यात महाराने काय काम करायचे? अधिकाऱ्याचे सामान पुढच्या गावी पोचवायचे, सारा घेऊन जाणाऱ्या पाटलासोबत चालायचे, मयताची वर्दी घेऊन कोसभर धावायचे. राज्याचे टपाल आणि हमाली महाराच्या पायांवर चालत होती, आणि त्याला नाव होते वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या फुकटच्या राबणुकीविरुद्ध. इकडे ठाणे जिल्ह्यात १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. पुढे संविधानाच्या २३व्या कलमाने वेठ गुन्हा ठरवली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. साहेबाचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरले. शासनाने न केलेल्या कामाचे ओझे मात्र चढले. झोळीची काठी खांद्यावर घेणारा तरुण आज कोणाची वेठ करतो आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

सवलती आल्या नाहीत असे नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे लागते. आमच्या मुलींना त्याचा खरा आधार झाला. पण जी गाडी पाड्याकडे येतच नाही तिच्या भाड्यातली निम्मी सवलत म्हणजे शून्याचे निम्मे. संध्याकाळची गाडी चुकली की मुलगी जीपमध्ये दाटीवाटीने बसते, नाहीतर घरचे म्हणतात, ‘बाई, कॉलेज पुरे.’ मी हजेरी घेताना ‘गैरहजर’ असा शेरा मारतो. खरे तर गैरहजर गाडी असते, आणि शेरा मुलीच्या नावापुढे पडतो. दिवाळीनंतर तर अर्धा पाडाच भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातो. त्यांना न्यायला मात्र टेम्पो बरोबर सापडतो! श्रम बाहेर न्यायला वाहन मिळते, आजारी माणूस बाहेर काढायला मिळत नाही.

म्हणून ‘एसटी तोट्यात आहे’, ‘हा रस्ता परवडत नाही’ ही भाषा आपण जशीच्या तशी स्वीकारता कामा नये. न परवडणारा रस्ता बांधला नाही म्हणून खर्च टळत नाही. तो फक्त वहीतून निघून माणसाच्या अंगावर जातो. कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे आहे. पाड्यापाड्यात एक वही ठेवा. दवाखान्यासाठी, रेशनसाठी, शाळेसाठी, पाण्यासाठी कोण किती चालले, किती रोज बुडाले, किती भाडे गेले, झोळी किती वेळा बांधली, हे तारीखवार लिहा. ती वही ग्रामसभेत वाचा आणि ठरावाला जोडा. शासनाजवळ रस्त्याच्या खर्चाचा अंदाज असतोच. रस्ता नसल्याच्या खर्चाचा हिशेब आपल्याजवळ असला पाहिजे.

मसूरच्या स्टेशनावर भीमरावाने दुप्पट भाडे मोजले, पण ते तो विसरला नाही. ते त्याने लिहून ठेवले. आपल्यालाही आता आपले भाडे लिहून ठेवायचे आहे.